गंगथडीचा समुद्र

ज्या राजाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते असा गौरव नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात त्याच्या मातेने, गौतमी बलश्रीने, कोरवून ठेवला, त्या गौतमीपुत्र सातकर्णीची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, स्वतः मात्र कोणत्याही समुद्राच्या काठी नव्हती. पुढे याच सातवाहन घराण्यातील यज्ञश्री सातकर्णीने दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आपल्या नाण्यांवर पाडले. पण ती नाणी मुख्यत्वे पूर्वकिनाऱ्यावर सापडतात, गोदातीरी नव्हेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्ताच्या अनामिक कर्त्याने पैठणचा उल्लेख केला आहे तो भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असलेली, गोमेदाचे खडे गाड्यांतून पाठविणारी बाजारपेठ म्हणून. तात्पर्य, समुद्राशी या नगराचा व्यवहार होता, पण तो हुंडीवरचा, परभारे चालणारा. प्रत्यक्ष समुद्र पैठणच्या वेशीशी येऊन उभा राहिला तो इसवी सनाच्या विसाव्या शतकात, १९७६ साली, आणि तोही सरकारी इतमामाने, पाटबंधारे खात्याच्या मार्फत.

छत्रपती संभाजीनगराहून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटर गेले की रस्ता धरणाच्या भिंतीपाशी येतो. भिंतीवर चढून पश्चिमेकडे पाहिले तर पैलतीर दिसत नाही. जायकवाडीचा हा जलाशय, ज्याला एकनाथमहाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात, पूर्ण भरला म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर पसरतो. लांबी पंचावन्न किलोमीटरांच्या घरात, रुंदी काही ठिकाणी सत्तावीसपर्यंत. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, मध्ये सत्तावीस दरवाजे, आणि पोटात शंभरावर अब्ज घनफूट पाणी. भूप्रदेश सपाट असल्यामुळे पाणी खोल जाण्याऐवजी आडवे पसरले आहे, आणि म्हणूनच त्याला समुद्राची कळा आली आहे. वारा सुटला की लाटा उठतात. काठावरच्या वस्त्यांत जाळी वाळत पडलेली असतात. पहाटे ओल्या मासळीचा तो ओळखीचा उग्र वास येतो. कोकणातल्या किंवा पार जपानच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या लहानशा मच्छीमार गावात आपण आलो आहोत की काय, असा भ्रम व्हावा. भ्रम मोडतो तो शेजारच्या रानातला ऊस आणि कपाशी पाहून.

पैठणी विणणाऱ्या साळ्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले, संतांवर तर विपुल. जाळे विणणाऱ्यांवर फारसे कोणी लिहिले नाही. वास्तविक गंगथडीचा इतिहास या लोकांवाचून अपुरा आहे. (गोदावरीला तिच्या काठचा माणूस गंगाच म्हणतो आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी, ‘गोदावरी’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला.) भोई आणि कहार या नावांनी ओळखला जाणारा हा समाज मूळचा केवळ मासेमार नव्हे. पालखी-मेणा खांद्यावर वाहणे, कावडीने पाणी भरणे, उतारावर नाव चालविणे, वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणे आणि डोहात जाळे टाकणे, असे पाण्याच्या आणि खांद्याच्या आधाराने चालणारे पाच-सहा धंदे त्याने ऋतुमानाप्रमाणे वाटून घेतलेले होते. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत भोई या नोंदीखाली झिंगा भोई, राजभोई, परदेशी भोई, कहार, केवट, धीवर, नावाडी अशी नावांची जी लांबलचक माळ लागते, ती वाचताना जातींची गणना वाचण्यापेक्षा एका नदीची दिनचर्या वाचल्यासारखे वाटते.

ती दिनचर्या अशी. आषाढ-श्रावणात गंगा दुथडी भरली की मासेमारी थंड आणि नावाड्याला तेजी. जिथे नाव नाही तिथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, किंवा गुऱ्हाळातली मोठी काहील पाण्यावर लोटून तीत माणसे बसवायची आणि दोघांनी पोहत ती पैलतीरी न्यायची. दसऱ्यानंतर पाणी निवळे, धार आकसे, डोह वेगळे पडत, आणि मग फेकजाळी बाहेर निघत. मरळ, शिंगाडा, वांब, झिंगे हा डोहातला ऐवज. माघानंतर वाळवंट उघडे पडले की त्यात खड्डे खणून, शेणखत घालून वेल लावायचे. चैत्र-वैशाखात त्याची फळे बाजारात. लग्नसराईत खांद्यावर मेणा. अशा रीतीने वर्षाचे बारा महिने एकाच नदीने या घरांना पोसले; मात्र कोणत्याही एका महिन्यात तिने त्यांना श्रीमंत केल्याचे दिसत नाही.

पैठणच्या नाथवाड्यात एक रांजण आहे. साक्षात श्रीकृष्णाने श्रीखंड्या नावाचा सेवक होऊन बारा वर्षे कावडीने गंगेचे पाणी वाहिले आणि तो रांजण भरला, अशी श्रद्धा आहे. आजही तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत तो भरण्याचा सोहळा चालतो आणि फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांच्या जलसमाधीच्या तिथीस, लाखो वारकरी या वाळवंटात जमतात. देवाने भक्ताघरी पाणक्याची चाकरी पत्करली ही कथा कीर्तनकार भक्तीच्या अंगाने सांगतात आणि ते योग्यच आहे. पण ती ज्या गावात रुजली त्या गावात पाणके होते, त्यांच्या खांद्यांना कावडीचे घट्टे होते, आणि देवाला उसने घेण्याइतकी त्यांची चाकरी परिचित होती, हेही त्या कथेतून निघते.

आता हक्काची गोष्ट. नदी सर्वांची, असे आपण म्हणतो. दप्तर तसे म्हणत नाही. निजामी अमदानीत महसुलाच्या ज्या बाबी गुत्त्याने दिल्या जात, त्यांत शिंदी-ताडीची झाडे, बाजाराची तहबाजारी, नदीचे उतार यांच्या जोडीला डोह-तलावांतली मासळीही येई. कचेरीत हर्रास पुकारला जावा, ज्याची बोली चढी त्याच्या नावे गुत्ता लागावा, आणि प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्याने गुत्तेदाराला त्याचा हिस्सा पोचवून उरल्यावर आपली चूल पेटवावी, असा तो क्रम. गुत्तेदार हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही ताजा आहे, रस्ता-पुलाच्या कंत्राटदारालाही आम्ही गुत्तेदारच म्हणतो, यावरून ती पद्धत किती खोल मुरली होती याचा अंदाज यावा. तथापि त्या व्यवस्थेत एक सैलपणा होता. नदी लांब, अंमलदार थोडे, आणि आडवळणाच्या डोहाला बोली लावण्याची तसदी कोण घेणार? पुष्कळसे पाणी सरकारच्या नजरेआड, म्हणजेच भोयांच्या वहिवाटीत, राहून गेले. वहिवाट कागदावर चढत नाही, एवढेच काय ते तिचे न्यून.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. दुष्काळी मराठवाड्याला हक्काचे पाणी पाहिजे, ही मागणी या घडामोडींबरोबर वाढत गेली, आणि तिला तडीस नेणाऱ्यांत शंकरराव चव्हाण अग्रभागी होते, ज्यांचा जन्मच पैठणचा. आरंभी धरणाची जागा पाहिली होती ती बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावी. पुढे ती नदीच्या वरच्या अंगाला पैठणपर्यंत सरकली, पण नाव मागेच चिकटून राहिले. तेव्हा ज्या गावाच्या नावाने धरण आहे त्या गावी धरण नाही, आणि ज्या गावी आहे त्याचे नाव त्याला नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली किंवा पाण्याने बाधित झाली. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला, कमी-अधिक, लवकर-उशिरा; त्याची रडकथा निराळी आणि मोठी आहे. पण तेव्हाचा भूसंपादनाचा कायदा, नावाप्रमाणेच, भूमीचा. जमिनीला गट नंबर असतो, घराला खणांची संख्या असते, विहिरीची खोली मोजता येते, आंब्याच्या झाडाचेही मोल पंचनाम्यात लिहिता येते. आजोबांपासून जाळे टाकत आलो तो डोह अमुक ठिकाणी होता आणि तो आता साठ हात पाण्याखाली हरवला, ही हानी कोणत्या रकान्यात लिहावयाची?

आणि तरी याच समाजाला धरणाने एक नवा समुद्रही दिला, हे विसरून चालणार नाही. उतारावरची नाव गेली, वाळवंटातल्या वाड्या गेल्या, पालख्या तर मोटारींनी आधीच संपविल्या होत्या. बाकी सारे धंदे बुडाले आणि मासेमारीचा एक अवाढव्य झाला. जो भोई वर्षातले चार महिने मासेमार होता तो बारा महिन्यांचा मासेमार झाला. त्याच्याबरोबर जमीन बुडालेले इतर जातींचे लोकही जाळे टाकू लागले. मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या, सभासदांना परवाने मिळाले, मत्स्यबीज सोडण्याची व्यवस्था झाली.

या मत्स्यबीजाची कथा रंजक आहे. आज नाथसागरातून बाजारात येणारा रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेच्या नद्यांतले. हे मासे वाहत्या पुरात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी बंगालच्या नद्यांतून त्यांची बारीक पिले धरून, मडक्यांत पाणी घालून, वाटेत ते पाणी हाताने हालवीत, आगगाडीने देशभर पाठवावी लागत, आणि त्यांतली कितीतरी वाटेतच मरत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून मादीला साचलेल्या पाण्यात अंडी घालावयास लावले, तेव्हा हा नाद सुटला. धरणे बांधणाऱ्या अभियंत्यांची नावे कोनशिलांवर असतात. धरणांत मासे भरण्याची किल्ली शोधणाऱ्या या गृहस्थाचे नाव ज्यांच्या ताटात तो मासा पडतो त्यांनाही ठाऊक नसते.

नवे मासे आले तसे काही जुने गेले. अहिर हा सापासारखा लांब, गुळगुळीत मासा समुद्रात जन्मतो, पिलू असताना नदीत शिरतो, शेकडो कोस प्रवाहाविरुद्ध वर चढतो, कित्येक वर्षे गोड्या पाण्यात काढतो आणि मरणापूर्वी अंडी घालण्यास पुन्हा समुद्राकडे उतरतो. गोदावरीच्या मुखापाशी आर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा केला तेव्हापासून त्याची वाट अडत आली. वर एकेक धरण होत गेले तसतशी ती बंद झाली. पैठणला समुद्र आला, पण समुद्राचा जो एकमेव प्रजाजन आपल्या पायांनी (पायांनी कसले, पोटाने) इथवर येत होता त्याला प्रवेश उरला नाही. त्याच्या जागी चिलापी आली आहे. तिला ना पूर लागतो ना प्रवास. कुठेही घरटे करावे, वाटेल ते खावे, आणि संतती वाढवीत जावे. परवडते म्हणून गरीब तिला खातात आणि वाढते म्हणून मासेमार तिला शिव्या देतात.

मघा जपानचा उल्लेख केला तो केवळ दृश्यसादृश्यासाठी नव्हे. त्या देशातल्या लहान मच्छीमार गावांचा इतिहास वाचताना एका गोष्टीपाशी थबकावे लागते. तोकुगावांच्या राजवटीत तिथे एक संकेत रूढ होता: किनाऱ्यालगतचे पाणी त्या त्या गावाचे, दूरचा खोल समुद्र सर्वांचा. मेइजी काळात देशाचे सारे कायदे पाश्चात्त्य धर्तीवर नव्याने घडत असताना सरकारने हे पाणी आधी स्वतःच्या ताब्यात घेऊन पाहिले. पण तंटे इतके माजले की अखेर १९०१ च्या मासेमारी कायद्यात गावांचा तो जुना हक्कच त्यांच्या संघांच्या नावे लेखी मान्य करावा लागला. युद्धानंतर १९४९ साली नवा कायदा आला, त्यातही किनाऱ्याचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडेच राहिला. त्यामुळे तिथे खाडीत भराव घालावयाचा तर आधी त्या गावच्या संस्थेशी बोलणी करून हक्काचे मोल ठरवावे लागते. तिथली गावेही आज म्हातारी झाली आहेत, तरुण शहरांत गेले आहेत, कित्येक होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्या आहेत. त्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण तिथे वहिवाट दप्तरात चढली. आपल्याकडे संस्थेला मिळते ते ठराविक मुदतीचे भाडेपट्ट्याचे पाणी. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा कचेरीच्या पायऱ्या. हर्रासाचे नाव बदलले, मसुदा मराठीत आला, इतकेच.

शिवाय या पाण्याचे मालक अनेक. शहराला नळाचे पाणी पाहिजे, शेतीला कालव्याचे, उद्योगांना त्यांचे. नदीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरकडची धरणे आहेत, दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा; ती भरल्यावर वाहून येईल ते नाथसागराचे. त्यांच्यातून खाली किती सोडावे याचा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत आणि न्यायालयांपर्यंत गेला, आणि ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत पासष्ट टक्के उपयुक्त साठा आहे की नाही यावर त्याचा हिशेब होऊ लागला. ज्या वर्षी पाणी मृतसाठ्यापर्यंत उतरते त्या वर्षी काठ मैलोगणती आत सरकतो, ओल्या गाळात शेतकरी गाळपेर करून गहू-हरभरा घेतात, बुडालेल्या गावांच्या देवळांचे दगड वर डोकावतात, आणि मासेमाराची वस्ती, जी काल पाण्याच्या काठी होती, ती आज भेगाळलेल्या माळावर उभी असते. उलट २००६ च्या ऑगस्टात इतके पाणी आले की दरवाजे उघडून सोडलेल्या लोंढ्याने खुद्द पैठण बुडाले.

१९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात परदेशी बदके आणि रोहित पक्षी इथे उतरतात, शहरातले लोक दुर्बिणी घेऊन येतात, आणि त्या दुर्बिणींतून मासेमाराचे जाळे पाखरांना उपद्रव देणारी वस्तू म्हणून दिसते. अलीकडे आणखी एक हक्कदार पुढे आला. पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्यांचा मोठा वीजप्रकल्प इथे योजला गेला, तेव्हा पैठणच्या कहार समाजाच्या पंच समितीने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. देशाला वीज पाहिजे हे खरे आहे. न्यायाच्या गुणावगुणांची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. मला कुतूहल वाटले ते अर्जदाराच्या नावाचे. सातवाहनांच्या राजधानीतली एक जातपंचायत, जिच्या पूर्वजांची नोंद निजामाच्या दप्तरात गुत्तेदाराच्या नावाआड लपलेली होती, ती दिल्लीच्या न्यायासनासमोर वादी म्हणून उभी राहिली.

गेल्या फाल्गुनात, षष्ठीची गर्दी ओसरल्यावर, मी काठाने फिरत असता एका वृद्ध गृहस्थापाशी बसलो. ते फाटलेले जाळे सांधत होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकविलेली, डाव्या हाताची दोन बोटे आसाचे माप म्हणून धरलेली, उजव्या हातात बांबूची चपटी सुई, तीवर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा. सुई आसातून जाई, बोटाला वेढा देई, गाठ बसे, आणि दोरा ताणला की ‘टक्’ असा बारीक आवाज होई. त्यांच्या लहानपणी जाळे सुती असे. झाडाच्या सालीच्या काढ्यात ते उकळावे लागे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत कुजे, आणि उकळण्याच्या दिवशी साऱ्या वस्तीला त्या काढ्याचा तुरट वास सुटे. नायलॉन कुजत नाही. ते म्हणाले, “कुजत नाही म्हणून तर वाईट. पाण्यात सुटलं की तिथंच राहतं, अन् मासे मारीत बसतं.” शेजारी थर्माकोलचे तुकडे गोणपाटात शिवून केलेला चप्पू पालथा पडला होता. त्यावर बसून एकटा माणूस त्या साडेतीनशे चौरस किलोमीटरांत जातो, हे पाहिल्याखेरीज पटत नाही.

मी विचारले, “बाबा, आधीचं बरं होतं की आताचं?”

त्यांनी सुई थांबविली नाही. “आमच्या आज्ज्याच्या टायमाला गंगंत मासा थोडा होता साहेब, पण होता तो त्याचा.” थोड्या वेळाने त्यांनी धरणाच्या भिंतीकडे पाहिले. तिथली पातळी ते फुटांतच बोलतात; भरलेले धरण म्हणजे पंधराशे बावीस. मीटरचा हिशेब साहेबलोकांचा. “औंदा पंधराला तरी राहील का काय की,” असे स्वतःशीच पुटपुटून त्यांनी दोरा दाताने तोडला, जाळे गोळा करून खांद्यावर घेतले, त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजल्या. निघता निघता माझ्या हातातल्या फोनकडे बोट करून त्यांनी विचारले, “त्यात बघता येतं म्हणं. नाशकाकडं औंदा पावसाचं काय सांगतेत?”